कौलांवर पत्रा चढला आणि घरातली रेंज गेली

गॅसवाला पडवीत सिलिंडर आडवा करून त्यावर बसला होता आणि आई फोन घेऊन विहिरीकडे निघाली होती. सिलिंडर ताब्यात देण्याआधी मोबाइलवर आलेला कोड सांगावा लागतो, आणि तो कोड आमच्या घरात येत नव्हता. विहीर घरापासून चाळीसेक पावलांवर, वाट उताराची, सप्टेंबरात सगळी शेवाळलेली. आईचं वय ७४. कठड्याशी पोचल्यावर तिने फोन डोक्याच्या वर धरला, मग खाली घेतला, चष्मा लावला आणि तिथूनच एकेक आकडा ओरडून सांगितला. शेवटचा आकडा गॅसवाल्याला ऐकू आला नाही. ‘सात की आठ?’ तो इकडून ओरडला. सात होता.

हे मी २०२४ च्या गणपतीत पाहिलं. चतुर्थी त्या वर्षी ७ सप्टेंबरला होती आणि मी दोन दिवस आधी डोंबिवलीहून गावी पोचले होते. एरवी आई घरी एकटी असते. तिचा फोन लागत नाही ही तक्रार भाऊ आणि मी जूनपासून ऐकत होतो, पण ‘पावसात असंच असतं’ म्हणून सोडून देत होतो. मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. सहा-सातशे मेगाहर्ट्झपासून दोन-तीन हजार मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरींवर हवेतल्या पावसाचा म्हणण्यासारखा परिणाम होत नाही, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. तरी आपल्याच आईला तीन महिने तेच उत्तर देत राहिले.

गाव राजापूर तालुक्यातलं. कोकणातल्या पुष्कळ गावांसारखी रचना : वर जांभ्याचा उघडा सडा, म्हणजे सपाट माळ, खाली खाडीकडे उतरत गेलेल्या वाड्या. टॉवर सड्यावर आहे, घरापासून सरळ रेषेत अडीच किलोमीटरच्या आत. दूरसंचार विभागाचं ‘तरंग संचार’ नावाचं संकेतस्थळ २०१७ पासून आहे, तिथे आपल्या जागेच्या आसपासचे टॉवर आणि त्यावरच्या कंपन्या दिसतात. त्यावरून दिशा नक्की केली. आमच्या घराचं तोंड पश्चिमेला, खाडीकडे. टॉवर बरोबर पाठीमागे आणि वर. मागच्या बाजूला घरासाठी डोंगर कापून काढलेली दरड आहे, तिच्यात आणि मागच्या भिंतीत जेमतेम पाच फुटांची बोळ. त्या भिंतीला एकच खिडकी, स्वयंपाकघराची, तीही धुरासाठी ठेवलेली. भिंती चिऱ्याच्या.

म्हणजे या घरात रेंज समोरून, दारं-खिडक्यांतून येणं शक्यच नव्हतं. ती यायची ती वरून, तिरकी, मागच्या पाखावरून, म्हणजे छपराच्या मागच्या उतारावरून. हे मला कळायला तीन दिवस लागले.

तक्रारीचं आधी सांगते. भावाने ऑगस्टमध्येच पुण्याहून १९८ वर तक्रार नोंदवली होती. कुठल्याही कंपनीच्या ग्राहकाला त्या कंपनीच्या नेटवर्कवरून हा क्रमांक फुकट लागतो, तक्रारीला क्रमांक मिळतो, आणि निकाल पटला नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. चार दिवसांनी तक्रार बंद झाल्याचा संदेश आला : आपल्या परिसरातील नेटवर्क व्यवस्थित आहे. भाऊ संतापला, मीही संतापले. पुढे मोजमाप केल्यावर लक्षात आलं की ते खोटं बोलत नव्हते. परिसरातलं नेटवर्क खरोखरच व्यवस्थित होतं, आमचं घर सोडून. आता कंपन्यांना आपापल्या कव्हरेजचे नकाशे संकेतस्थळावर टाकावे लागतात. आमची वाडी त्यात छान रंगलेली दिसते. नकाशाला कोणाच्या छपरावर काय आहे ते माहीत नसतं.

मोजायला काहीही विकत घ्यावं लागलं नाही. फोनवरच्या काड्या मात्र बघायच्या नाहीत. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे जो तो फोन बनवणारा ठरवतो. आईच्या आणि माझ्या फोनमध्ये एकाच कंपनीचं सिम होतं, दोन्ही एकाच पाटावर शेजारी ठेवले तर तिच्यात दोन काड्या आणि माझ्यात एक. खरा आकडा अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधल्या ‘फोनविषयी’ या भागात, सिमच्या स्थितीखाली मिळतो. एकक डीबीएम, म्हणजे एका मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेले डेसिबल. आयफोनमध्ये *३००१#१२३४५#* हा क्रमांक लावला की चाचणीचा पडदा उघडतो. मी नेटमॉन्स्टर नावाचं ॲप वापरलं, कारण त्यात आकड्याबरोबर कुठल्या पट्ट्यावर, म्हणजे किती मेगाहर्ट्झच्या लहरींवर, फोन जोडला गेलाय तेही कळतं.

हा आकडा नेहमी उणे असतो, आणि उणे जितका मोठा तितकी रेंज वाईट. फोर-जीसाठी ढोबळ मानाने उणे ९० च्या वर असलं तर निवांत, उणे १०५ पर्यंत बोलणं नीट होतं, उणे ११५ च्या खाली आवाज तुटायला लागतो आणि उणे १२० नंतर फोन नावापुरता जोडलेला असतो. मोजपट्टी सरळ चढत नाही. तीन डेसिबल कमी म्हणजे शक्ती निम्मी, दहा कमी म्हणजे दहावा हिस्सा, वीस कमी म्हणजे शंभरावा. आणखी एक, ज्यात माझे विद्यार्थीही फसतात : टू-जीचा आकडा आणि फोर-जीचा आकडा एकमेकांशी ताडून पाहायचा नाही. टू-जीत पूर्ण वाहिनीची शक्ती मोजतात, फोर-जीत तिच्यातल्या एका बारीक उपवाहिनीची. टू-जीत उणे ९५ आणि फोर-जीत उणे १०५ दिसलं म्हणून टू-जी चांगलं, असा अर्थ निघत नाही.

वही घेऊन बसले. प्रत्येक जागी फोन दोन मिनिटं ठेवायचा, तीनदा आकडा लिहायचा, मधला धरायचा. विहिरीच्या कठड्यावर उणे ९७. खळ्यात, म्हणजे अंगणात, तुळशीपाशी उणे १०२. पडवीत उणे १११. ओटीवर उणे ११५. माजघरात उणे १२१, मधेमधे ‘सेवा नाही’. स्वयंपाकघरात आकडाच नाही. विहीर आणि माजघर यांच्यात २४ डेसिबल, म्हणजे शक्तीत साधारण २५० पटींचा फरक. अंतर चाळीस पावलं.

मग काकांकडे गेले. चुलतकाकांचं घर आमच्याच घराच्या ओळीत, मधे फक्त गडगा. तसंच बांधलेलं, त्याच चिऱ्याचं, मागे तीच दरड. त्यांच्या माजघरात उणे १०६.

‘तुमच्याकडे कशी येते हो रेंज?’ मी विचारलं.

‘येते म्हणजे काय, पहिल्यापासून येते. तुमच्याकडेही यायची की. वहिनी माजघरातच बसून तासन्‌तास बोलायच्या.’

‘मग गेली केव्हा?’

काकांनी उत्तर दिलं नाही, नुसतं आमच्या छपराकडे पाहिलं. त्यांना कारण कळलं होतं असं नाही. त्यांच्या मनात वानर होते. दोन वर्षं वानरांनी वाडीत उच्छाद मांडला होता, कौलं फुटायची, पावसात माजघरात टोपं ठेवायची वेळ यायची. २०२४ च्या मे महिन्यात भावाने मंगलोरी कौलं होती तशीच ठेवून त्यांच्यावर लोखंडी पाइपांचा सांगाडा उभारला आणि सगळ्या घरावर रंगीत पत्रे चढवले. आजकाल आमच्याकडे निम्म्या घरांवर हेच दिसतं. काकांनी मात्र पत्रा घालायला नकार दिला होता, पत्र्यावर पाऊस वाजला की झोप लागत नाही म्हणून.

मे महिन्यात पत्रे, जूनमध्ये रेंज गेली. मधे पाऊस सुरू झाला, म्हणून सगळ्यांनी पावसावर ढकललं.

भाजलेल्या मातीच्या कौलातून लहरी थोड्याशा नुकसानीवर पार होतात. धातूच्या पत्र्यातून होत नाहीत, त्या परत फिरतात. पत्र्याखाली जी काही पोचते ती कडांना वळसा घालून, फटींतून, समोरच्या डोंगरावरून उलटून. हे सगळं मला पाठ आहे. पण पाठ असणं वेगळं आणि आपल्या घरावर सिद्ध करणं वेगळं, त्यातून भावाचे पत्र्यावर लाखभर रुपये गेलेले. नुसत्या तर्काने तो ऐकणार नव्हता.

म्हणून घळ काढली. आंबे उतरवायची, लांब बांबूची. भावाचा मुलगा, माझा भाचा, बारावीत आहे. त्याने माझा फोन एका कापडी पिशवीत घालून घळीच्या टोकाला सुतळीने करकचून बांधला, पडद्याचं रेकॉर्डिंग चालू केलं, आणि दरडीवर चढून घळ मागच्या पाखावर पुढे धरली. पत्र्याच्या वर वीतभर. दोन मिनिटं तो तसाच उभा, खालून आई ‘पडशील रे, पडशील’ म्हणते आहे. मग तोच फोन घेऊन तो माळ्यावर गेला आणि कौल नि पत्रा यांच्या मधल्या पोकळीत, वाशाला टेकवून ठेवला. बरोबर त्याच जागेखाली.

रेकॉर्डिंग ओटीवर बसून सगळ्यांनी बघितलं. पत्र्याच्या वर उणे ९४. पत्र्याच्या खाली उणे ११९. एका वितीत २५ डेसिबल. भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘पत्रे काढणार नाही मी.’

काढायला कोणी सांगतही नव्हतं.

त्याचा उपाय बूस्टर. ऑनलाइन पाच-सहा हजारांत मिळतो, छपरावर एक अँटेना, घरात एक, मधे डबा. लावला की काड्या फुल्ल. खालच्या वाडीत एकाने लावलाही आहे. मी ठाम नकार दिला, आणि या एका बाबतीत मी घरात भांडलेसुद्धा. पहिलं कारण कायद्याचं. असं प्रक्षेपण करणारं उपकरण विनापरवाना बाळगणं १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्यापासून गुन्हा आहे, आणि असे बूस्टर, म्हणजे मोबाइलचे रिपीटर, बसवण्याचा अधिकार फक्त परवानाधारक कंपन्यांना आहे. दूरसंचार विभाग याच्या जाहीर सूचना काढतो, धाडीही टाकतो. ऑनलाइन दुकानात मिळतं म्हणजे घरात लावायला चालतं, असं नाही. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बूस्टर फक्त टॉवरचा आवाज घरात आणत नाही, घरातला आवाजही वाढवून टॉवरकडे फेकतो, आणि त्याबरोबर स्वतःची खरखर. गावच्या पूजेत माइक कर्ण्याच्या समोर आला की कुईं होतं ना, तसं दोन अँटेना एकमेकींना ऐकू लागल्या की बूस्टर बोंबलत सुटतो. ती बोंब पुऱ्या टॉवरला ऐकू येते, आणि मग वाडीतल्या इतरांचे फोन कट व्हायला लागतात. त्यांना वाटतं, कंपनीच वाईट.

मोठ्या इमारतींत कंपन्या स्वतः आतली यंत्रणा बसवतात, तसं आम्हाला मिळेल का, असा प्रश्न भाच्याने विचारला. एका घरासाठी कोण येणार? विषय तिथेच संपला.

उरले तीन मार्ग, आणि आम्ही तिन्ही केले. क्रम मात्र हवामानाने ठरवला.

छप्पर डिसेंबरात, कारण त्याआधी पत्र्यावर चढायला कोणी तयार नव्हतं. गोठ्यावर किंवा कारखान्याच्या छपरावर उजेडासाठी मधेमधे फायबरचा पारदर्शक पत्रा घालतात, तो तुम्ही पाहिला असेल. काचतंतूचा असतो, धातू नसतो, त्यामुळे उजेडासारख्याच या लहरीही त्यातून पार होतात. मागच्या पाखावरचे, माजघराच्या आणि ओटीच्या बरोबर मागे येणारे तीन धातूचे पत्रे काढून तिथे तसेच तीन फायबरचे बसवायचे, एवढंच काम. खाली कौलं होतीच, त्यामुळे पाणी आलं तरी एकदम घरात येणार नव्हतं. पत्रेवाल्याला मी हे का करायचंय ते समजावून सांगितलं. तो म्हणाला, ‘रेंजसाठी पत्रा बदलणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघतोय, ताई.’ फायबरवर स्क्रू आवळताना तडा जातो म्हणून त्याने आधी भोकं मोठी पाडली, रबरी वॉशर दुप्पट रुंद घातले. पत्रे आणि मजुरी धरून ५,८०० रुपये झाले.

दुपारी तीनला काम आटोपलं, सव्वातीनला मी वही घेऊन माजघरात. उणे ११०. ओटीवर उणे १०७. आधीच्या उणे १२१ शी तुलना केली तर ११ डेसिबल, म्हणजे बारापट शक्ती. मला याहून जास्तीची अपेक्षा होती. काकांच्या उणे १०६ पर्यंत आम्ही पोचलोच नाही, कारण उघडे झाले ते तीनच पत्रे, बाकी झाकण तसंच. पण माजघरात बसून आईने भावाला फोन लावला आणि तो लागला. ती पहिलं वाक्य सवयीने ओरडूनच बोलली.

वानरांचं विचाराल तर फायबरवर ते धातूपेक्षा कमी उड्या मारतात. का, ते त्यांनाच ठाऊक.

दुसरा मार्ग कंपनी बदलण्याचा. यात लोक घाई करतात. शेजाऱ्याची रेंज चांगली म्हणून पोर्ट करतात आणि मग कळतं की शेजाऱ्याचं घर वेगळं आहे. आधी दुसऱ्या कंपनीचं सिम आपल्या घरात, आपल्याच फोनमध्ये घालून बघायचं. काकांचं सिम अर्ध्या तासासाठी मागून आणलं. आमच्या माजघरात, पत्रे बदलण्याआधीच, उणे १०३. टॉवर तोच, सड्यावरचा, कारण एकाच मनोऱ्यावर दोन-तीन कंपन्यांच्या अँटेना असतात. फरक पट्ट्याचा होता. आईची कंपनी आमच्या बाजूला १८०० मेगाहर्ट्झवर मिळत होती, काकांची ९०० वर. ९०० ची लहर लांबीला साधारण ३३ सेंटिमीटर, १८०० ची त्याच्या निम्मी. लांब लहर सड्याच्या कडेवरून खाली जास्त वळते आणि चिऱ्यात कमी जिरते. शहरात कदाचित उलट झालं असतं, तिथे टॉवर जवळजवळ असतात आणि वरच्या पट्ट्यांत जागा जास्त मिळते. आमच्या खोलगट वाडीला खालचा पट्टा मानवतो.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची तर १९०० वर इंग्रजीत पोर्ट लिहून पुढे आपला नंबर पाठवायचा, मग एक संकेतांक येतो, तो महाराष्ट्रात चार दिवस चालतो. आताच्या कंपनीत ९० दिवस झालेले असावे लागतात, आणि त्याच परिमंडळात, म्हणजे कंपन्यांच्या सेवेच्या त्याच विभागात, बदल तीन कामाच्या दिवसांत व्हायला हवा. तो संकेतांक घ्यायला आई परत विहिरीवर गेली. घरातही आला असता आता, पण महत्त्वाचा मेसेज म्हटल्यावर ती विहिरीवरच जाते. बँक, आधार, गॅस सगळं त्याच नंबरावर असल्यामुळे मधल्या दोन-तीन तासांत सिम बंद पडलं तेव्हा ती फार अस्वस्थ होती. चालू झाल्यावर पहिला फोन काकांना केला, गडग्यापलीकडे.

एक फायदा आम्ही धरलाच नव्हता. तिचा जुना फोन दुपारपर्यंत उतरायचा आणि पाठीमागे गरम व्हायचा. बॅटरी गेली असं समजून भाऊ नवी घालणार होता. रेंज क्षीण असली की फोन टॉवरपर्यंत पोचण्यासाठी आपली शक्ती वाढवत नेतो, फोर-जीचा फोन जास्तीत जास्त २०० मिलिवॉटपर्यंत. माजघरात तो दिवसभर बेंबीच्या देठापासून ओरडत होता. आता रात्री झोपताना चाळीस टक्के उरते. टॉवरच्या लहरींची भीती वाटते म्हणून आपल्या इमारतीवरचा टॉवर हटवणाऱ्या माझ्या डोंबिवलीच्या शेजाऱ्यांना मी हे सांगून पाहिलं आहे. टॉवर लांब गेला की कानाशी धरलेला फोन जास्त जोर लावतो. भारतात टॉवरवरच्या उत्सर्जनाची मर्यादा २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केलेली आहे, हेही सांगितलं. कोणी ऐकून घेतलं नाही, ते असो.

तिसरा मार्ग वाय-फाय कॉलिंग. भाऊ आजही म्हणतो की हे आधी केलं असतं तर छपरावर चढायचं कारणच नव्हतं. त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. वाडीत केबलवाल्याची फायबरची तार विजेच्या खांबांवरून आली होती, महिना कर धरून ४७१ रुपये. भारतात साधा फोन वाय-फायवरून लावण्याची सोय २०१९ च्या अखेरीपासून आहे. वेगळं ॲप नको, वेगळा आकार नाही, नंबर आपला तोच. व्हॉट्सॲपवरून बोलता येतंच, पण गॅसवाला, वायरमन आणि डॉक्टरांची कंपाउंडर व्हॉट्सॲपवर फोन करत नाहीत.

आईचा जुना फोन ही सोय देणारा नव्हता, म्हणून भावाचा वापरलेला फोन तिला दिला. सेटिंगमध्ये बटण चालू केलं आणि चार दिवस काहीही फरक पडला नाही. मी डोंबिवलीत, ती तिथे, भाचा मधे दुभाषा. शेवटी कळलं ते असं : टॉवरची अगदी मरतुकडी रेंज जरी असली तरी फोन तिलाच चिकटून बसतो, वाय-फाय समोर असूनही तिकडे जात नाही. त्याच सेटिंगच्या आत ‘वाय-फायला प्राधान्य’ असा पर्याय असतो, तो निवडावा लागतो. काही फोनमध्ये तो लपवलेला असतो, तिथे विमान मोड लावून फक्त वाय-फाय चालू करायचं. तेवढं केल्यावर आईच्या फोनवर कंपनीच्या नावापुढे वाय-फायचं चिन्ह उमटलं, आणि स्वयंपाकघरात, जिथे आजवर आकडाच दिसला नव्हता तिथे, फोन वाजला. मेसेजही याच वाटेने येतात. बँकेचा आला, गॅसचा आला. बोलता बोलता ती खळ्यातून पुढे विहिरीकडे गेली की मधे कुठेतरी वाय-फाय सुटतं आणि कधीकधी फोन कट होतो. आता ती जागा तिला माहीत झाली आहे, लिंबाच्या झाडापाशी ती उलटी फिरते.

राउटर आधी ओटीवर ठेवला होता. चिऱ्याची भिंत वाय-फायलाही सोडत नाही, पाच गिगाहर्ट्झ तर माजघराच्या दारातच संपलं. माजघराच्या दारावरच्या फळीवर, देवघराच्या वर, तो सरकवला आणि २.४ गिगाहर्ट्झवर ठेवला.

पण विजेचं काय? आमच्याकडे जून ते सप्टेंबर वीज जाते म्हणजे दहा मिनिटांसाठी जात नाही. राउटरला १,६०० रुपयांचा छोटा यूपीएस जोडला, तो तीन-साडेतीन तास टिकतो. त्यानंतर राउटर जिवंत असला तरी केबलवाल्याचा पुढचा डबा मेलेला असतो, आणि झावळी पडून तार तुटली तर दोन दिवस कोणी येत नाही. टॉवरलाही बॅटरी असते, जनरेटर असतो, पण डिझेल सड्यावर न्यायला रस्ता मोकळा हवा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, दापोली, मंडणगडकडच्या गावांचे फोन कित्येक दिवस बंद होते. त्यातून कुठलाच पत्रा वाचवत नाही. पण रोजच्या चार-पाच तासांच्या अंधारात वाय-फाय गेल्यावर टॉवर अजून बोलत असतो, आणि तेव्हा ते तीन फायबरचे पत्रे कामाला येतात. भावाच्या म्हणण्यातलं उरलेलं अर्धं ते हे.

२०२५ च्या पावसाळ्यात मी मुद्दाम जुलैत जाऊन मोजलं. नव्या सिमवर, फायबरच्या पत्र्यांनंतर, माजघरात डिसेंबरअखेर उणे ९५ होतं, ते भर पावसात उणे १००. भिंती ओल्या, दरडीवरचं रान माजलेलं, फणसाची पानं पाण्याने जड. ओला चिरा आणि ओली पानं लहरी पितात, एवढाच पावसाचा दोष. पाच डेसिबलचा. फायबरच्या पत्र्यावर शेवाळ धरायला लागलंय, ते मात्र मे महिन्यात घासायला हवं, नाहीतर उजेडही जाईल.

मग गणपती आले, २७ ऑगस्टला. घरात तेवीस माणसं, वाडीत मुंबईहून आलेल्या गाड्यांना लावायला जागा नाही. माजघरात आकडा उणे ९८, काड्या भरलेल्या, आणि फोन लागेना. भाऊ लगेच वर पत्र्याकडे बघायला लागला. ही रेंजची गोष्ट नव्हती, गर्दीची होती : सड्यावरच्या एका टॉवरवर वर्षभर जेवढी माणसं असतात त्याच्या कैकपट त्या पाच दिवसांत येतात, आणि प्रत्येकाला आरतीचा व्हिडिओ पाठवायचा असतो. त्याला छपराचा उपाय नाही. आरती संपून अर्धा तास गेला की फोन लागतात. आमच्या राउटरवर सतरा फोन होते, त्यातल्या मुलांचे अकरा मी गुपचूप काढून टाकले.

गौरी आल्या त्या दिवशीच सिलिंडर संपला. गॅसवाला आला, पडवीत बसला. कोड ओटीवरच आला, एका मिनिटात. आईने फोन हातात घेतला, पडदा लांब धरला, जवळ धरला. चष्मा सकाळपासून विहिरीच्या कठड्यावर राहिला होता.